अनाथ कुत्र्यांच्या उपाहारगृहास आमची भेट

आमच्या शाळेच्या फाटकापाशीं बसणारा हवालदार आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे. ज्या पालकांस तो ठाऊक नसेल त्यांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, हा हवालदार पोलीस खात्यांतला नव्हे. तो तांबूस रंगाचा, उजवा कान मोडलेला असा एक गांवठी कुत्रा आहे. सुमारें सात वर्षांपूर्वीं ऐन पावसाळ्यांत तो सायकलींच्या छपराखालीं येऊन राहिला. तेव्हां तें लहानसें पिलूंच होतें. पहिल्या घंटेस फाटकापाशीं उभें राहावयाचें व शेवटच्या घंटेस पुन्हां तेथेंच हजर व्हावयाचें, हा नेम त्यानें आपणच लावून घेतला, आणि त्यावरून मुलांनीं त्यास हें नांव दिलें. शाळेनें त्यास पाळलें असें मात्र म्हणतां यावयाचें नाहीं. मधल्या सुटींत डब्यांतलें कांहींबाहीं त्यास मिळे, मोठ्या सुटींत पहारेकरी चतकोर भाकरी घाली; परंतु शाळेच्या जमाखर्चांत किंवा कोणाच्या घरच्या हिशेबांत त्याच्या नांवची एक ओळही नव्हती. तो सर्वांचा होता, म्हणजे खरें पाहतां कोणाचाच नव्हता.

याविषयीं विचार करण्याचा प्रसंग २०२५ सालच्या नोव्हेंबरांत आला. त्या महिन्याच्या ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें अशी आज्ञा केली कीं, शाळा, इस्पितळें, क्रीडासंकुलें, बसस्थानकें व रेल्वे स्टेशनें यांच्या आवारांत सांपडणारीं मोकाट कुत्रीं स्थानिक संस्थांनीं तेथून हलवावीं, त्यांची नसबंदी करून व लस टोंचून तीं आश्रयगृहांत ठेवावीं, आणि पुन्हां त्याच जागीं सोडूं नयेत. आमच्या शिक्षकांच्या सभेंत यावरून दोन तट पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, आज्ञा ती आज्ञा. पालिकेस कळवून मोकळें व्हावें. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, सात वर्षांत ज्यानें कोणावर दांत उगारला नाहीं त्यास अनोळखी पिंजऱ्यांत पाठविणें हा अन्याय आहे. आम्ही दुसऱ्या तटांत होतों व बरेंच आवेशानें बोललों. तेव्हां पहिल्या तटांतील एका वडील बाईंनीं शांतपणें विचारिलें, "इतका जिव्हाळा आहे, तर तुम्हीच कां नाहीं नेत त्याला घरीं?" या प्रश्नास आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

पुढें जाण्यापूर्वीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण कुत्र्यांविषयीं दया बाळगा असें म्हणणारे पुष्कळ लोक ती चोरून ठेवितात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशापासून होणारा रोग एकदां अंगांत प्रकट झाला म्हणजे त्यावर उपाय जवळजवळ नाहींच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें या रोगानें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें मरतात; त्यांत मुलांचा भरणा मोठा असतो, आणि मनुष्यास हा रोग १०० पैकीं ९९ वेळां कुत्र्यापासूनच होतो. उलट, दंश होतांच इलाज केला तर हा रोग टाळतां येतो, व ही सोय लुई पाश्चर यानें १८८५ सालीं जोसेफ मायस्टर या मुलास पहिली लस टोंचली तेव्हांपासूनची आहे. म्हणून विद्यार्थ्यांनो, कुत्र्याचा दांत किंवा नख लागलें तर मार बसेल या भीतीनें घरीं लपवूं नका. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पुरीं १५ मिनिटें धुवा, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जा. हळद, चुना, मिरचीची पूड यांपैकीं कांहींही जखमेंत भरूं नका. ज्या आईबापांच्या मुलास कुत्रें चावलें आहे त्यांनीं न्यायालयाच्या आज्ञेचें स्वागत केलें तर त्यांस कोणीं निर्दय म्हणूं नये.

त्या सभेनंतर थोड्याच दिवसांनीं आमच्या एका माजी विद्यार्थिनीचें पत्र आलें. ती पश्चिम उपनगरांतील एका संस्थेंत सुटीच्या दिवशीं विनावेतन काम करिते. रस्त्यांतून उचलून आणिलेलीं, जखमी झालेलीं किंवा धन्यांनीं टाकून दिलेलीं कुत्रीं ही संस्था बरीं करिते, व त्यांस घर मिळेपर्यंत सांभाळिते. आणि या कामास जोड म्हणून तिनें एक उपाहारगृह चालविलें आहे. "हवालदाराचें काय करावयाचें तें ठरविण्यापूर्वीं, सर, एकदां येऊन पाहून जा," असें तिनें लिहिलें होतें. त्याप्रमाणें जानेवारींतील एका शनिवारीं नववीच्या वर्गांतील दोन मुलगे व दोन मुली यांस घेऊन आम्ही लोकल गाडीनें तेथें गेलों.

बाहेरून पाहतां हें ठिकाण इतर उपाहारगृहांसारखेंच दिसतें. पुढील दालनांत टेबलें, खुर्च्या, चहा, कॉफी, पावांचे प्रकार, सर्व कांहीं नेहमींचें. फरक आहे तो मागच्या बाजूस. तेथें जमिनीपासून छतापर्यंत कांचेची भिंत असून तिच्या पलीकडे एक मोठी खोली आहे, व त्या खोलींत आम्ही गेलों त्या दिवशीं आठ कुत्रीं होतीं. खाण्याचें दालन व कुत्र्यांची खोली यांमध्यें दुहेरी दार आहे. एक लागल्याखेरीज दुसरें उघडावयाचें नाहीं. स्वयंपाकघराचा तर त्या खोलीशीं कांहींच संबंध नाहीं. ही व्यवस्था आम्हांस प्रथम विचित्र वाटली, पण ती स्वच्छतेसाठीं आवश्यक आहे हें लौकरच ध्यानांत आलें. आपण पुढें चहा प्यावयाचा, आणि मग वेगळें शुल्क भरून, पायतण काढून, हात धुऊन, ठराविक वेळ आंत जाऊन बसावयाचें. चहाचा नफा व हें शुल्क मिळून कुत्र्यांच्या औषधपाण्यास व अन्नास लागतें.

आंत जाण्यापूर्वीं भिंतीवर लाविलेले नियम मोठ्यानें वाचावे लागतात. तसें केल्याखेरीज दार उघडत नाहींत. आमच्या मुलांनीं ते कवितेसारखे एका सुरांत म्हटले. कुत्र्यास उचलूं नये. निजलेल्या कुत्र्यास हात लावूं नये. आपल्या हातचें कांहीं खाऊं घालूं नये. चॉकलेट, कांदा व द्राक्षें हीं आपणांस मेवा असलीं तरी कुत्र्यास विष आहेत. पाठलाग करूं नये. एका कोपऱ्यांत पडदा लाविलेली एक लहान खोली आहे. तींत कुत्रें गेलें म्हणजे तें रजेवर आहे असें समजावें, व पडदा कोणींही बाजूस सारूं नये. हा शेवटचा नियम आम्हांस फार आवडला. शिक्षकांच्या खोलीसही असा एक पडदा असावा असें क्षणभर मनांत येऊन गेलें.

आठ कुत्र्यांपैकीं पांच गांवठीं होतीं. सहावा एक लॅब्राडोर, इतका स्थूल कीं उठतांना त्यास दोनदां विचार करावा लागे. त्याचें कुटुंब परदेशीं गेलें व जातांना त्यास इमारतीच्या जिन्याखालीं बांधून गेलें. सातवें कुत्रें सायबेरियाकडील हस्की जातीचें, निळ्या डोळ्यांचें. बर्फांत गाडी ओढण्यासाठीं ज्याच्या अंगावर देवानें दुहेरी लोंकर दिली तें कुत्रें मुंबईच्या मे महिन्यांत काय सुख भोगीत असेल याची कल्पना करावी. तें हौसेनें विकत घेतलेलें, आणि केंसांचा व विजेच्या देयकाचा कंटाळा आला तेव्हां सोडून दिलेलें. गांवठीं कुत्रीं तेवढीं अनाथ होतात असा आमचा समज होता. तो तेथें गेला. मोल देऊन आणिलेलें कुत्रेंही रस्त्यावर येतें, आणि त्यास रस्त्यावर जगण्याची विद्या येत नसल्यामुळें तें अधिक लौकर मरतें. आठवी एक काळी कुत्री होती. तिच्याविषयीं पुढें येईल.

आमच्या बरोबरच्या चौघांपैकीं एका मुलास कुत्र्यांचें विलक्षण वेड. तो आंत शिरतांच दोन्ही हात पसरून एका पिवळ्या कुत्र्याकडे धांवला, आणि तें उठून खोलीच्या दुसऱ्या टोंकास गेलें. मुलींपैकीं एकीस कुत्र्यांची लहानपणापासून भीति; ती यावयासच तयार नव्हती. ती दारापाशीं भिंतीस पाठ लावून, गुडघे जवळ ओढून, कोणाकडेही न पाहतां बसली. दहा मिनिटांनीं तेंच पिवळें कुत्रें येऊन, तिच्यापासून हातभर अंतर ठेवून, तिच्याकडे पाठ करून बसलें. ती घाबरून आमच्याकडे पाहूं लागली. आमची माजी विद्यार्थिनी हंसून म्हणाली, "पाठ केली म्हणजे रागावलं असं नाहीं ग, तुझ्यावर विश्वास टाकला त्यानं. आतां हात पुढं कर, पण डोक्यावर नको, हनुवटीखालीं." पुढील अर्धा तास ती मुलगी व तें कुत्रें तेथून हललीं नाहींत.

ही भाषा समजून घेण्यासारखी आहे. शेपूट हालतें म्हणजे कुत्रें खूष आहे, एवढेंच आपण शाळेंत शिकलों. प्रत्यक्षांत ताठ उभें धरून हळूहळू हालविलेलें शेपूट हा पुष्कळदां इशारा असतो. झोंप आलेली नसतां जांभई देणें, पुढें अन्न नसतां जिभेनें ओंठ चाटणें, तोंड वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाहणें, या सर्वांचा अर्थ एकच कीं, मला हें नकोसें झालें आहे, दूर व्हा. हें न कळल्यामुळें, "कांहीं केलें नसतां चावला" असें आपण म्हणतों; त्यानें तीन वेळां सांगितलेलें असतें.

रस्त्यांवरील कुत्र्यांचा शास्त्रीय अभ्यास आपल्याच देशांत चांगला झाला आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंतील अनिंदिता भद्र व त्यांचे सहकारी यांनीं बरींच वर्षें तेथील गल्ल्यांतून कुत्र्यांच्या नोंदी ठेविल्या. त्यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, वारंवार खाणें देणाऱ्या अनोळखी मनुष्यापेक्षां वारंवार गोंजारणाऱ्या मनुष्यावर रस्त्यांतील कुत्र्यांचा विश्वास अधिक बसला. भाकरीसाठीं कुत्रें शेपूट हालवितें ही म्हण त्यामुळें थोडी दुरुस्त करावी लागेल. त्यांचाच २०१६ सालचा दुसरा अभ्यास वाचून मात्र आमचें मन खिन्न झालें. रस्त्यावर जन्मलेल्या १०० पिलांपैकीं सुमारें १९ तेवढीं सात महिन्यांचीं होतात. आणि उरलेल्यांपैकीं बहुतेकांच्या मरणास मनुष्याचाच हात लागलेला असतो, मग तें वाहन असो, विष असो कीं दगड. फाटकापाशीं पोंचलेला हवालदार हा त्या १९ पैकीं होता.

अशीं उपाहारगृहें हल्लींचींच आहेत. तैवानांतील तैपेई शहरीं १९९८ सालीं मांजरांच्या संगतींत चहा घेण्याचें एक ठिकाण निघालें, व ती कल्पना पुढें जपानांत फोंफावली. टाकून दिलेल्या कुत्र्यांस घर मिळवून देण्यासाठीं असें उपाहारगृह अमेरिकेंतील लॉस एंजल्स येथें २०१६ सालीं उघडलें; तेथेंही खाण्याची जागा व कुत्र्यांची जागा निरनिराळ्या ठेविल्या होत्या. परंतु यामागील विचार याहून पुष्कळ जुना आहे. लंडन शहरांत मेरी टील्बी नांवाच्या एका बाईंनीं १८६० सालीं हॉलोवे भागांतील तबेल्याच्या आवारांत हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं तात्पुरतें घर काढलें. माणसें उपाशी असतां कुत्र्यांस घरें कसलीं बांधतां, म्हणून वर्तमानपत्रांनीं त्यांची थट्टा केली. बाई १८६५ सालीं वारल्या. घर चालूच राहिलें, १८७१ सालीं तें बॅटरसी येथें गेलें, आणि अद्याप तेथें आहे. त्या घराच्या पहिल्या नांवांतला "तात्पुरतें" हा शब्द आमच्या मतें फार महत्त्वाचा आहे. तो कां, हें थोड्या वेळानें सांगतों.

आपल्या मुंबईचा या बाबतींतील इतिहास तर लंडनच्याही आधींचा आहे. १८३२ सालच्या जूनांत या शहरांत कुत्र्यांवरून दंगल झाली. सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा हुकूम काढला होता, व मारणाऱ्यांस दर कुत्र्यामागें बक्षीस मिळत असे. त्या लोभानें शिपाई घरांच्या ओट्यांवरील कुत्रींही मारूं लागले. पारशी धर्मांत कुत्र्यास पवित्र मानतात. त्या समाजानें दुकानें बंद ठेवून विरोध केला, व त्यांत इतर जमातींचे लोकही सामील झाले. पुढें पारशी दात्यांनींच परळास बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवानें जनावरांचें इस्पितळ बांधलें. तेथें आजही आजारी कुत्रीं, बैल, घोडे आणिले जातात. मारण्याची पद्धत मात्र थांबली नाहीं. मुंबई महापालिका दरवर्षीं हजारों कुत्रीं मारीत असे, आणि हें १९९४ पर्यंत चाललें. शंभराहून अधिक वर्षें मारूनही कुत्रीं कमी झालीं नाहींत, कारण एका गल्लींतील कुत्रीं नाहींशीं झालीं कीं तेथील उकिरड्यावर शेजारच्या गल्लींतील येत. तेव्हां मारण्याऐवजीं नसबंदी करून, लस टोंचून, कुत्रें होतें त्या जागीं परत सोडावें, असें धोरण आलें. २००१ सालीं केंद्र सरकारनें त्याचे नियम केले व २०२३ सालीं ते नवे करून काढिले. ज्या कुत्र्याच्या कानाच्या टोंकास बारीक खांच दिसेल त्याची शस्त्रक्रिया झालेली आहे असें ओळखावें. हवालदाराच्या मोडक्या कानास अशी खांच आहे. आम्ही ती सात वर्षें पाहिली व भांडणांत झालेली जखम समजलों.

आतां त्या "तात्पुरतें" शब्दाकडे येतों. आमच्या मुलांनीं संस्थेच्या व्यवस्थापक बाईंस विचारलें, "तुमच्या आश्रयगृहांत किती कुत्रीं मावतात?" त्या म्हणाल्या, "हा प्रश्नच चुकीचा आहे. किती जातात तें विचारा." मग त्यांनीं पाटीवर हिशेब करून दाखविला. समजा, आश्रयगृहांत एकच जागा आहे. तेथें एक कुत्रें आलें व त्यास कोणींच नेलें नाहीं, तर तें १२ वर्षें जगेल, आणि त्या १२ वर्षांत त्या जागेनें एकाच जिवाचें रक्षण केलें. परंतु तीन महिन्यांत त्यास घर मिळालें, तर जागा रिकामी झाली व दुसरें आलें; वर्षांत चार, १२ वर्षांत ४८. जागा तीच, भिंती त्याच, खर्च जवळजवळ तोच. "म्हणून, सर, आम्हांला आंत येण्याचं दार मोठं करून उपयोग नाहीं, बाहेर जाण्याचं दार हवं. हें दुकान म्हणजे तें दार." आमच्या मुलांस त्रैराशिक इतक्या लौकर कळलेलें आम्हीं पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें.

हा हिशेब ध्यानांत घेतला म्हणजे न्यायालयाच्या आज्ञेची दुसरी बाजू दिसूं लागते. आवारांतून कुत्रीं उचलणें हें काम एका दिवसाचें; त्यांस जन्मभर ठेवणें हें काम १२ वर्षांचें. त्याच न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं दिल्लीकडील प्रकरणांत असें सांगितलें होतें कीं, ज्या प्राणिमित्रांस रस्त्यावरील कुत्रें दत्तक घ्यावयाचें असेल त्यांनीं पालिकेकडे अर्ज करावा. मात्र तें कुत्रें पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं ही जबाबदारी त्यांची. आमच्या सभेंत दोन्ही तटांनीं पुष्कळ शब्द वेंचले, पण या वाक्याकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें.

उपाहारगृहाविषयीं आमच्या मनांत एक शंका होती, आणि ती अजून पुरी गेलेली नाहीं. कुत्र्यांस कांचेआड ठेवून लोकांस शुल्क घेऊन दाखविणें, यांत व सर्कशींत अंतर किती? परदेशांत केवळ गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठीं जातिवंत कुत्रीं पाळणारीं उपाहारगृहेंही आहेत. तेथें कुत्रें दुकानाचें असतें, तें कोठें जावयाचें नसतें, आणि दिवसभर अनोळखी हातांखालीं राहणें हेंच त्याचें काम. अशा ठिकाणीं जाऊं नये असें आमचें मत आहे. दोहोंतील फरक ओळखण्यास सोपा आहे. जेथें गेल्या महिन्यांतलींच कुत्रीं या महिन्यांतही दिसतात, व धनी त्यांच्या लोकप्रियतेचा अभिमान सांगतो, तें दुकान. जेथें आवडतें कुत्रें भेटावयास जावें तर तें गेलेलें असतें, आणि भिंतीवर त्याच्या नव्या घरचें छायाचित्र असतें, तें दुसरें. आम्ही पाहिलेल्या ठिकाणीं कुत्रीं रात्रीं राहत नाहींत. शहराबाहेरील आश्रयगृहांतून पाळीपाळीनें येतात व संध्याकाळीं परत जातात, आणि ज्यांस गर्दी मानवत नाहीं त्यांस आणीतच नाहींत. तरीही शनिवारची गर्दी आम्हांस जास्त वाटली. दुपारीं चारनंतर पडद्यामागील खोलींत तीन कुत्रीं होतीं. व्यवस्थापक बाईंस हें बोलून दाखविलें, तेव्हां त्यांनीं वाद घातला नाहीं.

आतां त्या काळ्या कुत्रीविषयीं. ती चार वर्षांची, शांत, आंखूड केंसांची, पायांस पांढरे मोजे घातल्यासारखे ठिपके असलेली आहे. तिला दोनदां घर मिळालें व दोनदां ती परत आली. पहिल्या घरीं बाळ जन्मलें, आणि कुत्रीमुळें बाळास कांहीं होईल अशी वडील मंडळींस भीति वाटली. दुसऱ्या घरीं इमारतींतील इतर बिऱ्हाडकरूंनीं तक्रार केली, व त्या कुटुंबास तोंड देण्याचें धैर्य झालें नाहीं. वास्तविक इमारतींत पाळीव जनावर ठेवण्यास सरसकट मनाई करतां येत नाहीं असें भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें २०१५ सालींच कळविलें आहे. पण जिन्यांत रोज भेटणाऱ्या शेजाऱ्यांपुढें परिपत्रक वाचून दाखविणें सोपें नसतें. परत आल्यावर ती दोन्ही वेळां तीन दिवस जेवली नाहीं. पहिल्या वेळीं ती दाराकडे तोंड करून बसे. दुसऱ्या वेळीं भिंतीकडे. आमची माजी विद्यार्थिनी हें सांगतांना दुसरीकडे पाहत होती.

या दोन घटनांनंतर संस्थेनें आपला अर्ज बदलला. पूर्वीं तो एका पानाचा होता, आतां चार पानांचा आहे. घर स्वतःचें कीं भाड्याचें, घरांतील प्रत्येक मनुष्याची संमति आहे कीं नाहीं, दिवसांतून कुत्रें एकटें किती तास राहील, असे प्रश्न त्यांत आहेत. तो भरल्यावर संस्थेचा मनुष्य घर पाहून जातो. खिडक्या व गच्चीचे कठडेसुद्धां पाहतो. नवें घर मिळालें म्हणजे कुत्रें तीन दिवस बावरतें, तीन आठवड्यांत घरची रीत शिकतें व तीन महिन्यांनीं घर आपलें मानतें, असा या लोकांचा अनुभव आहे. त्या अवधींत ते वारंवार विचारपूस करितात. वार्षिक लस, जंतांचें औषध, रोजचें दोन वेळचें फिरणें हीं तर आलींच. पिलूं पाहून घरीं हट्ट धरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हा अर्ज एकदां वाचावा. पहांटे पाऊस पडत असतांना फिरावयास कोण नेईल, हा प्रश्नही त्यांत आहे, आणि त्याचें उत्तर "आई" असें लिहिलेलें संस्थेस चालत नाहीं.

आम्हीं तो अर्ज मागून घेतला व तेथेंच टेबलाशीं बसून भरावयास लागलों. आमच्या घरीं आम्ही, आमची पत्नी व वृद्ध मातुःश्री अशीं तिघें आहोंत. जागा तळमजल्यावर आहे. दोन पानें झरझर लिहून झालीं. तिसऱ्या पानावर प्रश्न होता: आपण कुटुंबासह परगांवीं गेलां तर कुत्र्यास कोण सांभाळील? त्या मनुष्याचें नांव व सही. आम्ही दर मे महिन्यांत गांवीं जातों. शेजाऱ्यांची नांवें मनांतल्या मनांत घेऊन पाहिलीं. ज्यांस चावी देतों त्यांपैकीं कोणास कुत्रें देतां येईल असें वाटेना. चहा निवाला. शेवटीं अर्ज घडी करून खिशांत घातला. जिला कुत्र्यांची भीति वाटे ती मुलगी हें पाहत होती. गाडींत बसल्यावर ती म्हणाली, "सर, मे महिन्यांत आम्ही कुठंच जात नाहीं. पण आईला विचारावं लागेल."

पुढें जें झालें तें थोडक्यांत असें. पालिकेचे लोक येण्यापूर्वीं शाळेनें संस्थेस पत्र लिहिलें, व फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत संस्थेची गाडी येऊन हवालदारास घेऊन गेली. जातांना त्यानें गडबड केली नाहीं. पहारेकऱ्यानें त्यास उचलून गाडींत ठेविलें, व नंतर बराच वेळ तो नळापाशीं हात धूत उभा होता. संस्थेच्या वैद्यांनीं त्यास तपासून प्रकृति उत्तम असल्याचें लिहिलें. दोन दाढा तेवढ्या किडल्या होत्या, त्या काढल्या. वय मात्र त्याच्या आड येतें. लोक पिलूं मागतात, आणि नाकापाशीं पांढरे केंस दिसले कीं पुढें जातात. वस्तुतः मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आधींच कळलेला असतो, तें वस्तू कुरतडीत नाहीं व रात्रीं रडत नाहीं, म्हणून ज्या घरीं वृद्ध माणसें आहेत तेथें तें अधिक बरें. पण हें पटवून द्यावें लागतें.

आमचा अर्ज आम्ही दुसऱ्यांदा भरला आहे. तिसऱ्या पानावर त्या मुलीच्या आईची सही आहे. ती मिळविण्यास मुलीस तीन आठवडे लागले. चौथ्या पानावर घरांतील प्रत्येकाची सही लागते, आणि आमच्या मातुःश्रींनीं आधीं कुत्रा पाहीन व मग काय तें सांगेन असें म्हटलें आहे. त्यांस चालणें कठीण जातें, तरी येत्या शनिवारीं त्या येणार आहेत; गर्दी होण्यापूर्वीं, सकाळच्या वेळीं. हा अंक छापावयास गेला त्या दिवसापर्यंत उपाहारगृहाच्या भिंतीवरील, घर हवें असलेल्यांच्या रांगेंत, हवालदाराचें छायाचित्र वरून दुसरें होतें, आणि काळ्या कुत्रीचें पहिलें.